जस्ताचे झाकण: सोलापुरात बंद मागावर तुटणाऱ्या स्प्रिंगांचे प्रकरण

चालत्या मागावर स्प्रिंग तुटली तर कोणाला नवल वाटत नाही. दिवसाला हजारो झटके खाणारी वस्तू कधीतरी तुटणारच. या प्रकरणात मात्र स्प्रिंगा माग बंद असताना तुटत होत्या, बहुतेक रात्री. सकाळी जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारा कारागीर, दिवे लावून मागाखाली वाकून पाहायचा तेव्हा स्प्रिंगेच्या टोकाचा तुटलेला आकडा (हूक) जमिनीवर पडलेला असायचा.

हे प्रकरण सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका टेरी टॉवेल कारखान्याचे म्हणून मांडले आहे. कारखाना प्रातिनिधिक आहे. इथल्या यंत्रमागांची रचना, धातूवर मुलामा चढवणाऱ्या छोट्या प्लेटिंगवाल्यांची कामाची पद्धत आणि स्प्रिंगांच्या नेहमीच्या तक्रारी धरून तो उभा केला आहे आणि तुटलेल्या नगांची मोजदादही त्या नमुन्यातलीच आहे. पोलाद, जस्त आणि हायड्रोजन यांच्या वागण्याचे आकडे मात्र नेहमीच्या अभियांत्रिकीतले आहेत आणि ते कोणालाही पडताळून पाहता येतील.

चकचकीत स्प्रिंग हवी का झाली

कारखान्यात २४ माग आहेत आणि प्रत्येकावर डॉबी. डॉबी हे यंत्र हेल्डच्या चौकटी, म्हणजे उभी सुते ओवलेल्या चौकटी, वर उचलते. त्या खाली आणण्याचे काम खालच्या बाजूला लावलेल्या परतीच्या स्प्रिंगा करतात. मागाला ६ चौकटी आणि चौकटीला २ स्प्रिंगा धरल्या तर एका मागावर १२ आणि कारखान्यात एकूण २८८ स्प्रिंगा होतात.

जुन्या स्प्रिंगा काळ्या होत्या, वरून नुसते तेल लावलेल्या. सोलापूरची हवा कोरडी असते. उन्हाळ्यात सूत तुटू नये म्हणून मागाच्या खोलीत पाणी मारावे लागते. कांजीचा भुगा त्या ओलाव्यात स्प्रिंगेवर चिकटतो आणि त्याखाली गंज धरतो. पांढऱ्या टॉवेलवर गंजाचा एक ठिपका पडला तरी तो नग दुय्यम मालात जातो, आणि ठिपका टाळायला तेल जास्त लावले तर तेलाचा डाग पडतो. म्हणून मालकांनी नव्या खेपेला त्याच मापाच्या स्प्रिंगा जस्ताचा मुलामा देऊन मागवल्या. मागणी रास्त होती. गंजाचा त्रास खरोखर थांबलाही.

स्प्रिंगेचे माप असे: तार २ मिमी, मधला व्यास १४ मिमी, ५० वेढे, दोन्ही टोकांना आकडे. तार स्प्रिंगेच्या तारेच्या भारतीय मानकातल्या, आयएस ४४५४ भाग १ मधल्या, एसएम वर्गाची. या जाडीला तिचे ताणबळ, म्हणजे तुटण्याआधी ती पेलते तो ताण, १,७६० ते १,९७० मेगापास्कलच्या (ताण मोजण्याचे एकक) दरम्यान असते. वेढे एकमेकांना दाबून गुंडाळलेले असल्याने पहिले २ किलो ओढेपर्यंत स्प्रिंग उघडत नाही. चौकट पूर्ण वर गेली की लिव्हरच्या हिशोबाने स्प्रिंग ४० मिमी ताणते आणि तिच्यावर सुमारे ७ किलोचा ओढा येतो.

७ किलोला अंगातल्या वेढ्यांवर पिळाचा ताण ३७० मेगापास्कलच्या आसपास येतो. आकड्याच्या वाकात मात्र तार पिळली जात नाही, ती उघडण्याच्या दिशेने वाकवली जाते, आणि तिथे आतल्या बाजूला ताण ७०० मेगापास्कलपर्यंत पोचतो. तारेच्या ताकदीच्या ४० टक्के. आकडा हा स्प्रिंगेचा सगळ्यात कमकुवत भाग आहे हे यावरून कळतेच, पण नुसत्या ४० टक्के स्थिर ताणाने चांगली तार तुटायला नको. काळ्या स्प्रिंगा याच मापाच्या, याच तारेच्या होत्या आणि दोन-तीन वर्षे टिकत होत्या.

काय घडले

नव्या स्प्रिंगा बसवल्यावर पहिल्या १० दिवसांत ३७ तुटल्या. एकूण एक स्प्रिंग आकड्याच्या वाकातच तुटली, अंगातला वेढा एकीचाही गेला नाही.

पहिला संशय तारेवर आला. स्प्रिंग बनवणाऱ्याने दुसऱ्या गुंडाळीतल्या तारेच्या ४० स्प्रिंगा करून मुलामा देऊन पाठवल्या. त्यातल्याही तुटल्या. मग संशय जॉबरवर आला की बसवताना तो आकडा पक्कडीने उघडतो. तसे असते तर काळ्या स्प्रिंगाही तुटल्या असत्या. शेवटी सगळे एका शब्दावर थांबले: फटीग. झटक्यांनी थकून तुटली म्हणायचे आणि सोडून द्यायचे. स्प्रिंगेच्या बाबतीत हा शब्द इतक्या सहज वापरला जातो की पुढची चौकशीच बंद होते. म्हणून इथे थांबून हिशोब मांडायला हवा.

मागाचा वेग मिनिटाला १३० पिक, म्हणजे आडव्या धाग्याच्या १३० फेऱ्या, धरू. १२ तासांच्या पाळीत ९३,६०० पिक होतात. चौकट एकाआड एक पिकाला वर-खाली होते असे मानले तर एका पाळीत ४७,००० च्या आसपास हेलकावे. थकून तुटणारी स्प्रिंग चालत्या मागावर तुटते, कारण भेग पुढे सरकायला हेलकावाच लागतो. बंद मागावर हेलकावा शून्य असतो. आणि ३७ पैकी २६ स्प्रिंगा बंद मागावर तुटलेल्या होत्या.

उलगडा झाला तो जॉबरच्या वहीतल्या नोंदीवरून. तुटलेली स्प्रिंग कोणत्या मागाच्या कितव्या चौकटीची, हे तो लिहून ठेवत असे. "मालक, खाली असलेल्या चौकटीची एखादीच जातीय. जी चौकट वर राहिली, तिचीच तुटतीय," असे त्याने सांगितले, आणि वही पाहिल्यावर २६ पैकी २४ नोंदी तशाच निघाल्या. माग थांबतो तेव्हा काही चौकटी वर अडकलेल्या राहतात. त्यांच्या स्प्रिंगा रात्रभर ४० मिमी ताणलेल्या अवस्थेत उभ्या असतात. हलणे नाही, झटका नाही, फक्त एकसारखा ओढा. त्या ओढ्याखाली काही तास गप्प राहून मग अचानक तुटायचे, ही उशिरा तुटण्याची खूण पोलादात शिरून त्याला ठिसूळ करणाऱ्या हायड्रोजनची आहे.

तुटलेले तोंड दहापट भिंगाखाली पाहिले तर तीच साक्ष मिळते. तार कुठेही बारीक होऊन ओढली गेलेली नाही, म्हणजे ती लवचिकपणे ताणून तुटलेली नाही. थकव्याच्या भेगेत दिसतात तशा शिंपल्यासारख्या रेषा नाहीत. भेग वाकाच्या आतल्या बाजूने सुरू झाली आहे, तोंड खरबरीत आहे आणि गंजाचा मागमूस नाही. भिंगाने एवढेच ठरते. त्यावरून शंभर टक्के निकाल देऊ नये, पण पुढे कोणत्या दिशेने शोधायचे ते कळते.

प्लेटिंगवाल्याकडचा क्रम

स्प्रिंग बनवणाऱ्याकडे तार गुंडाळली जाई, मग भट्टीत २५० अंश सेल्सिअसला २० मिनिटे ठेवून गुंडाळताना अडकलेला ताण उतरवला जाई, आणि आकडे त्यानंतर वळवले जात. इथेच पहिली चूक आहे. तार वाकवून सोडली की ती थोडी मागे उघडते आणि त्या उघडण्यामुळे वाकाच्या आतल्या बाजूला ओढीचा ताण अडकून राहतो. मागावर आकड्याला ओढा लागतो तेव्हाही आतलीच बाजू ताणली जाते. अडकलेला ताण आणि कामाचा ताण एकाच ठिकाणी, एकाच दिशेने जमा होतात. वरच्या हिशोबातले ७०० मेगापास्कल हे फक्त कामाचे आहेत. अडकलेले त्यात धरलेले नाहीत.

प्लेटिंगवाल्याकडे स्प्रिंगा आधी सोड्यासारख्या क्षारीय द्रावात विजेने स्वच्छ होत, स्प्रिंग ऋण टोकाला जोडून. मग भट्टीत आलेला निळा-तपकिरी रंग जावा म्हणून हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये १५ मिनिटे. बाजारातले ॲसिड निम्मे पाणी घालून वापरलेले, त्यात धातूवरचा मारा रोखणारे औषध नाही. मग सायनाइडच्या टाकीत ८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जस्त, लगेच पिवळे पॅसिव्हेशन म्हणजे जस्तावर गंजरोधक क्रोमेटचा थर, सुकवणे, पोत्यात भरणे. बेकिंग म्हणजे भट्टीत भाजणे नाही. विचारल्यावर उत्तर असे आले की भाजले की पिवळा रंग जातो आणि गिऱ्हाईक माल परत करते. उत्तर खोटे नाही. ६५–७० अंशांच्या वर पिवळा क्रोमेटचा थर सुकून तडकतो आणि त्याची गंजरोधक ताकद जाते. पण यातून निघणारा अर्थ असा की भाजणे पॅसिव्हेशनच्या आधी करायला हवे. भाजणेच सोडून द्यायचे, हा अर्थ त्यातून निघत नाही.

या क्रमात हायड्रोजन तीन ठिकाणी तयार होतो: ऋण टोकाला जोडलेल्या स्वच्छतेत, ॲसिडमध्ये आणि प्लेटिंगच्या टाकीत. टाकीतला हिशोब करून पाहण्यासारखा आहे. चौरस डेसिमीटरला १ ॲम्पिअर या दराने सगळी वीज जस्त बसवण्यात गेली तर मिनिटाला ०.२८ मायक्रॉन थर चढतो, म्हणजे ८ मायक्रॉनला २८ मिनिटे लागतात. सायनाइडच्या टाकीत सगळी वीज जस्ताला जात नाही. ८० टक्के जाते असे धरले तर उरलेल्या २० टक्क्यांतून हायड्रोजन सुटतो. २ मिमी तारेच्या वजनाशी ताडून पाहिले तर हा हायड्रोजन तारेच्या दशलक्ष भागांमागे ११० भाग भरतो. त्यातला बहुतेक बुडबुडे होऊन उडून जातो. शंभरातला एक हिस्सा जरी पोलादात शिरला तरी दशलक्षात एक भाग झाला. या ताकदीच्या पोलादाला दशलक्षात एक-दोन भागसुद्धा तोडायला पुरतात, कारण तो हायड्रोजन तारेभर सारखा पसरून बसत नाही. तो जिथे ताण जास्त तिथे सरकत जातो. स्प्रिंगेत ती जागा म्हणजे आकड्याच्या वाकाची आतली बाजू. सरकायला वेळ लागतो, म्हणून तुटणेही उशिरा होते.

पोलाद जितके ताकदवान तितका धोका जास्त. १,००० मेगापास्कलच्या खालच्या साध्या बोल्टला, खिळ्याला, पत्र्याला हाच क्रम सहसा चालून जातो, आणि म्हणूनच प्लेटिंगवाल्याला त्यात काही वावगे वाटत नाही. वर्षानुवर्षे त्याने दरवाज्याच्या कड्या आणि पंख्याचे भाग असेच केलेले असतात. स्प्रिंगेची तार ही वेगळ्या जातीची वस्तू आहे, हे सांगण्याची जबाबदारी स्प्रिंग पाठवणाऱ्याची असते. या प्रकरणात डिलिव्हरी चलनावर फक्त "झिंक प्लेटिंग, पिवळे" एवढे लिहिलेले होते. तारेचा वर्ग नाही, ताकद नाही, भाजण्याची सूचना नाही.

थराचा दोष नेमका कोणता

जस्त मऊ आहे, म्हणून मुलाम्याने तार कमकुवत झाली असे अनेकांना वाटते. ८ मायक्रॉन जस्ताने तारेच्या ताकदीत काही फरक पडत नाही. स्प्रिंगेचा कडकपणा उलट किंचित वाढतो, शेकडा दोनपेक्षाही कमी. काट्याला लावून ओढली तर मुलाम्याची स्प्रिंग काळ्या स्प्रिंगेइतकाच ओढा दाखवते. माल घेताना काट्यावर तपासला होता आणि तो पास झाला होता, त्याचे कारण हेच. मिनिटभराच्या चाचणीत हायड्रोजन सापडत नाही.

१८७५ मध्ये विल्यम जॉन्सन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले होते की ॲसिडमध्ये बुडवलेली लोखंडी तार ठिसूळ होते, आणि नुसती ठेवून दिली तर काळाने तिचा चिवटपणा परत येतो. आपल्या प्रकरणाची किल्ली या दुसऱ्या अर्ध्या वाक्यात आहे. उघड्या पोलादातून हायड्रोजन साध्या तापमानालाही बाहेर पडतो. २ मिमी तारेला त्यासाठी एक दिवस ते काही दिवस पुरतात. जस्तातून मात्र तो फार हळू सरकतो. दाट, चकचकीत जस्ताचा थर बसला की आत शिरलेल्या हायड्रोजनवर झाकण बसते. मग माल दुकानात महिनाभर पडून राहिला तरी तो आतच राहतो, आणि ताण लागला की वाकाकडे निघतो. चकाकी आणणारी औषधे जास्त घातली की थर आणखी दाट होतो. गिऱ्हाईक ज्या चकाकीवर खूश होते तीच इथे बाधते.

पातळ थराने धातूच्या वागण्यावर असे झाकण घालण्याचे हे एकच उदाहरण नाही. १९३४ मध्ये रॉस्को या संशोधकांनी कॅडमियम धातूच्या एकेकट्या स्फटिकांवर दाखवले की अगदी पातळ ऑक्साइडचा थर असला तरी स्फटिकातल्या पातळ्या एकमेकींवरून सरकवायला जास्त जोर लागतो. पुढे धातुशास्त्रज्ञ चार्ल्स बॅरेट यांना दिसले की थर असलेली जस्ताची तार पिळून सोडली आणि मग वरचा थर ॲसिडने उतरवला, तर तार उलट दिशेने सुटण्याऐवजी त्याच दिशेने आणखी थोडी पिळली जाते. आतली सरक वरच्या थराखाली तुंबलेली असते आणि थर गेला की बाहेर पडते. तिथे थर स्फटिकातल्या सरकीला अडवतो, इथे हायड्रोजनला. दोन्हीकडे थराची जाडी नगण्य असते आणि परिणाम नगण्य नसतो.

सात ट्रे

थरच झाकणाचे काम करतो हे याच कारखान्यात सिद्ध करायला महागडे यंत्र लागले नाही. लोखंडी पट्टीवर खिळे वेल्ड करून स्प्रिंगा ४० मिमी ताणून अडकवता येतील अशी फळी केली. एकाच गुंडाळीच्या तारेच्या, एकाच दिवशी वळवलेल्या १४० स्प्रिंगा घेऊन २०-२० चे सात गट केले. प्रत्येक गट ७२ तास ताणून ठेवला आणि तुटलेले नग मोजले.

काळ्या, मुलाम्याविना स्प्रिंगा: एकही नाही. ॲसिडमध्ये १५ मिनिटे बुडवून, धुवून लगेच ताणलेल्या: ४. तशाच बुडवून ३ दिवस नुसत्या ठेवून मग ताणलेल्या: एकही नाही. जॉन्सन यांचे निरीक्षण सोलापुरात पुन्हा उतरले. मुलामा देऊन लगेच ताणलेल्या: ८. मुलामा देऊन १० दिवस कपाटात ठेवून मग ताणलेल्या: ७. उघड्या तारेला तीन दिवसांच्या विश्रांतीने बरे केले, मुलाम्याखालच्या तारेला दहा दिवसांनीही काही फरक पडला नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आणि चौथ्या-पाचव्या गटांतला हा फरक म्हणजे ८ मायक्रॉनच्या थराचे काम.

सहाव्या गटाला दुसऱ्या दिवशी ४ तास २०० अंशांवर भाजले: ३ तुटल्या. सातव्याला टाकीतून काढल्यावर तासाभरात भट्टीत घालून २४ तास भाजले, पॅसिव्हेशन नंतर: एकही नाही.

२० पैकी शून्य म्हणजे दोष संपला असे समजू नये. ९५ टक्के खात्रीने यातून एवढेच म्हणता येते की खराब नगांचे प्रमाण सातात एकापेक्षा कमी आहे. २८८ स्प्रिंगांच्या कारखान्याला हे समाधान अपुरे आहे. म्हणून सातव्या पद्धतीने केलेल्या १०० स्प्रिंगा पुन्हा फळीवर चढवल्या आणि शून्य तुटल्यावर प्रमाण ३ टक्क्यांच्या खाली आहे असे धरले. चाचणीचा हा हिशोब बऱ्याच ठिकाणी राहून जातो आणि पाच नग टांगून माल पास केला जातो.

दुरुस्ती, आणि ती कुठे फसते

आकडे वळवल्यानंतर ताण उतरवायचा. क्रम बदलला की झाले, खर्च वाढत नाही. २३० ते २५० अंशांवर ३० मिनिटे पुरतात. आकडे पक्के झाल्यावर पुन्हा पक्कडीने जुळवणी करायची नाही. केली तर ताण पुन्हा अडकतो.

ॲसिडचा वेळ कमी करायचा. भट्टीचा रंग काढायला बारीक ग्रिट (खरखरीत कण) मारणे किंवा ड्रममध्ये घोळवणे चांगले. ॲसिड लागलेच तर मारा रोखणारे औषध घालून १–२ मिनिटे. विजेच्या स्वच्छतेत स्प्रिंग धन टोकाला जोडायची, म्हणजे तिच्यावर हायड्रोजन सुटणार नाही.

भाजणे हा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त फसणारा टप्पा. १,७०० ते १,८०० मेगापास्कलच्या पोलादाला एएसटीएम बी ८५० या अमेरिकी मानकाप्रमाणे १९० ते २२० अंशांवर किमान २२ तास, आणि टाकीतून काढल्यापासून ४ तासांच्या आत सुरुवात. तासाभरात झाली तर उत्तम. उशीर का चालत नाही? कारण थोडाफार अडकलेला ताण असलेल्या वाकात या काळातच बारीक भेगा पडू शकतात, आणि पडलेली भेग भाजून बुजत नाही. सहाव्या गटातल्या तीन तुटींमागे हा उशीर आणि चार तासांची अपुरी भाजणी, दोन्ही असणार. दोहोंतला कोणाचा वाटा किती हे त्या गटावरून वेगळे काढता येत नाही.

भट्टीवरचा काटा २०० दाखवतो म्हणजे टोपलीच्या मध्यावरची स्प्रिंग २०० ला आहे असे नसते. गच्च भरलेल्या टोपलीत मधला ढीग तापायला दोन-तीन तास लागू शकतात. स्प्रिंगा ५ सेमीपेक्षा जाड थरात रचू नयेत. थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, ढिगाच्या मध्यात खोचावा आणि वेळ तिथल्या तापमानावरून मोजावा. वीज गेली तर जेवढा वेळ तापमान १९० च्या खाली राहिले तेवढा पुढे जोडावा. जनरेटर नसलेल्या प्लेटिंगवाल्याकडे २२ तास अखंड मिळणे हीच मोठी अट आहे.

मे महिन्यात पत्र्यावर माल पसरून "भट्टीच आहे ही" असे म्हणणारे भेटतात. ४३ अंशांच्या उन्हात पत्रा ६०–७० अंशांपर्यंत तापेल. जस्तातून हायड्रोजन निघायला ते अजिबात पुरत नाही. भाजल्याने सगळा हायड्रोजन बाहेर पडतो असेही नाही. काही बाहेर जातो, काही पोलादातच अशा खोल जागांत अडकून बसतो जिथून तो साध्या तापमानाला हलत नाही. दोन्हींमुळे वाकाकडे सरकू शकणारा हायड्रोजन कमी होतो, आणि आपल्याला तेवढेच हवे असते. जस्त ४१९ अंशांना वितळते, त्यामुळे २२० ला मुलाम्याला काही होत नाही.

भाजून काढल्यावर जस्तावर मंद थर आलेला असतो. तो अर्ध्या टक्क्याच्या नायट्रिक ॲसिडमध्ये ५–१० सेकंद बुडवून उठवायचा आणि मग पॅसिव्हेशन करायचे. सुकवणे ६० अंशांच्या आत. ही बुडी काही सेकंदांची आणि जस्तावरची असते, तिने पोलादात हायड्रोजन शिरत नाही.

आधीच बिघडलेला माल ॲसिडमध्ये जस्त उतरवून पुन्हा प्लेट करून वाचवण्याचा मोह होतो. तो टाळायला हवा. उतरवताना हायड्रोजन पुन्हा आत जातो, पुन्हा प्लेटिंगमध्ये आणखी, आणि आत भेगा पडलेल्या असतील तर त्या दिसतही नाहीत. कारखान्यात उरलेल्या मुलाम्याच्या सगळ्या स्प्रिंगा, न तुटलेल्यासुद्धा, काढून भंगारात दिल्या. चांगल्या दिसणाऱ्या दोनशेच्या वर स्प्रिंगा टाकून देणे जिवावर येते, पण रात्री तुटलेला आकडा ताण्यात, म्हणजे मागावरच्या उभ्या सुतांत, अडकला तर एका मागाचे जे नुकसान होते त्यापुढे हा तोटा लहान आहे.

मुलाम्याशिवायचे मार्ग

गंजापासून बचाव हवा होता, प्लेटिंग हा त्याचा एक मार्ग होता. दुसरे मार्ग तपासले.

फॉस्फेट आणि तेल: फॉस्फेट करतानाही हायड्रोजन शिरतो, पण थर सच्छिद्र असतो, त्यामुळे तो एक-दोन दिवसांत निघून जातो. यांत्रिकदृष्ट्या सुरक्षित आहे. पण तेल आले की टॉवेलवर डाग आला, म्हणून इथे बाद.

स्टेनलेस तार: तिच्यावर क्रोमियम ऑक्साइडचा दोन-तीन नॅनोमीटरचा थर आपोआप असतो आणि ओरखडा पडला तर तो पुन्हा बनतो. गंजाचा प्रश्न मिटतो. मात्र या तारेची पिळाची ताठरता पोलादापेक्षा साधारण दहा टक्के कमी असते, ताणबळही कमी. त्याच मापात केली तर ओढा ७ किलोवरून खाली येतो, चौकट परत यायला रेंगाळते आणि धोट्याची वाट चुकते. वेढे कमी करून माप नव्याने काढावे लागेल. किंमतही जास्त.

आधीच जस्त चढवलेली तार: ही तार गिरणीतूनच जस्ताच्या थरासह येते, स्प्रिंगवाला ती गुंडाळतो आणि त्यानंतर कोणतेही ॲसिड किंवा टाकी लागत नाही. गुंडाळताना थर थोडा खरवडला जातो, आणि कापलेल्या टोकाला पोलाद उघडे राहते. टोकाशी शेजारचे जस्त त्याला गंजापासून काही अंशी वाचवते. ताण उतरवणे नेहमीप्रमाणे, तापमान २३० च्या आसपास ठेवून. चकाकी कमी असते, राखाडी दिसते.

२८८ स्प्रिंगांच्या लहान लॉटसाठी हा शेवटचा मार्ग निवडला. प्लेटिंग आणि २२ तासांची भाजणी हा मार्ग शास्त्रात बसतो. पण त्याचा पुरावा फक्त प्लेटिंगवाल्याच्या कागदावर असतो, स्प्रिंगेकडे पाहून भाजली की नाही हे सांगता येत नाही, आणि एवढ्या लहान कामासाठी कोणी एक भट्टी रात्रभर अडवून ठेवेल यावर अवलंबून राहणे योग्य नाही. मोठ्या लॉटला, तापमानाच्या आलेखासह, तो मार्ग खुला ठेवला आहे.

जस्ताच्या तारेच्या स्प्रिंगा फळीवर ७२ तास ताणून १०० पैकी शून्य तुटल्यावर मागांवर चढवल्या. खिळ्यांची फळी जॉबरच्या टेबलामागच्या भिंतीवर लावलेली आहे. नवा माल आला की त्यातल्या २० स्प्रिंगा तीन दिवस तिच्यावर ताणून ठेवतात, आणि त्या उतरेपर्यंत बाकीचा माल पोत्याबाहेर निघत नाही. माग थांबवताना शक्य तितक्या चौकटी खाली आणून थांबवायचे, ही जॉबरची सवय तेव्हापासून आहे. स्प्रिंग कोणतीही असली तरी रात्रभर तिच्यावर ७ किलोऐवजी २-३ किलोच ओढा राहतो.